जिभेची जागा

पर्ल जन्मली त्या दिवशी टेगनच्या सासूनं, ग्लेनिसनं, बाळाला हातात घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, "अगंबाई, हनुवटी अगदी तुझीच गं पोरी! असू दे, असू दे. बाकी सगळं आमच्या हीथचं आहे."

ग्लेनिस मनानं वाईट बाई नव्हती. समुद्रकाठच्या जेराल्डटन गावच्या शाळेत पंचवीस वर्षं कँटीन सांभाळून पोरांना तोंडावर बोलायची सवय लागलेली, एवढंच. ती बोलली आणि विसरली. टेगन मात्र तेच एक वाक्य घेऊन दवाखान्यातून घरी आली. पाळण्यात झोपलेल्या पर्लकडे ती बाजूनं बघायची, आणि तिला दिसायचं ते स्वतःचंच तोंड. खालचा ओठ संपतो न संपतो तोच मान सुरू. शाळेत तिला पेलिकन म्हणायचे. बंदरावर मासळीच्या तुकड्यांसाठी बसलेले, चोचीखाली पिशवी लोंबणारे पेलिकन रोज समोर दिसायचे, त्यामुळे चिडवणाऱ्यांना कधी विसर पडला नाही. लहानपणी तिचं नाक सदा चोंदलेलं, तोंड सदा उघडं. तेराव्या वर्षी चार चांगले दात काढून तारा बसवल्या. दात सरळ झाले, चेहरा मात्र होता तसाच मागे राहिला.

आपलं झालं ते झालं, पण पोरीचं तोंड असं होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं. आणि ते करायचं तर आधी स्वतःच्या तोंडावर करून बघायला हवं होतं. आपलं हाड हललं तर पोरीचं हलणारच.

तशी तिला डेरियनच्या गटाची वाट सापडली. हा डेरियन ब्रिस्बेनला राहायचा, फोनवर शिकवायचा. त्याचं सांगणं सोपं होतं: ओठ मिटलेले, दाढा हलक्या टेकलेल्या, सगळी जीभ मुळापासून टाळूला चिकटलेली आणि श्वास नाकानं. जागेपणी, झोपेत, भांडी घासताना, गाडी चालवताना. चुकीच्या जागी पडलेल्या जिभेनंच तुमचा चेहरा पाडलाय, आता तीच जीभ तो उचलील. वय विसरा. त्याशिवाय पोस्टानं एक प्लेट यायची. ती गरम पाण्यात मऊ करून खालच्या दातांवर दाबून बसवायची, म्हणजे खालचा जबडा पुढे सरकून राहतो. गावातल्या दंतवैद्यानं तोंडात बघून सांगितलं होतं, "हे बघ, तिशीच्या बाईचे दात हलतील, जबडा वाढणार नाही. उगीच चावा बिघडवून घेशील." गटात सगळ्यांच्याच दंतवैद्यांनी तसं सांगितलं होतं. तेव्हा तो खोटा असणार, हे उघडच होतं.

गटाची एक रीत होती. रोज संध्याकाळी आपापले 'मिटलेले तास' कळवायचे. कोणी चौदा, कोणी सतरा. वीसच्या वर जाणाऱ्याच्या नावापुढे एक छोटा पांढरा डोंगर उमटायचा. महिन्याच्या एक तारखेला त्याच भिंतीसमोर, त्याच खिडकीपाशी उभं राहून बाजूनं फोटो. खाणं आणि बोलणं, या दोन वेळा जीभ जागा सोडते. खाणं टळत नाही. "बोलणं ही गळती आहे," डेरियन म्हणायचा. "कमवायचं तोंडानं आणि घालवायचं तोंडानंच."

हीथ दोन आठवडे उत्तरेला लोखंडाच्या खाणीवर आणि एक आठवडा घरी. त्या दोन आठवड्यांत टेगनला बोलायला घरात कोणी नव्हतंच. आई ॲडलेडला. मैत्रिणी होत्या त्या पर्थला गेल्या. दुपारी बाराच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटायचा तो दिवस मावळेपर्यंत पत्रे वाजवत राहायचा. पूर्वी त्या वाऱ्याचा आवाज ऐकताना तिला वाटायचं, आपण कुठल्यातरी विसरलेल्या डब्यात आहोत. आता तेच एकटेपण कामाला आलं. पर्ल सहा महिन्यांची होईतो टेगनच्या नावापुढे डोंगर उमटला. आयुष्यात पहिल्यांदा ती कशाततरी पहिल्या रांगेत होती.

पर्लशी ती बोलायची नाही असं नव्हतं. ओठ न उघडता, जीभ न हलवता जे बोलता येतं ते ती बोलायची: म्म्म. दूध देताना लांब म्म्म, अंघोळीला दोन आखूड, कौतुकाला वर चढत जाणारा. पर्ल टक लावून ऐकायची. झोपेत तिचं तोंड उघडलं की टेगन हळूच दोन बोटांनी तिचे ओठ मिटवायची. जागेपणीही मिटवायची, पण खेळातल्यासारखी: टिचकी, म्म्म, हसरे डोळे. मग पर्लही म्हणायला लागली, म्म्म. ओठ घट्ट मिटून, नाकातून. टेगनला आनंद मावेना. तिनं गटात लिहिलं: 'माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. तोंड आपणहून मिटलेलं ठेवते!' दोनशे लोकांनी बदाम पाठवले. डेरियननं स्वतः लिहिलं: 'हिला कधीच आपली गरज पडणार नाही.' ते वाक्य तिनं किती वेळा वाचलं त्याला गणती नाही.

दहाव्या महिन्यात पर्लला वजनाला नेलं. बालआरोग्य केंद्रातली नर्स रोवीना, मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची. तिनं पर्लला काट्यावर ठेवलं, पायाला गुदगुल्या केल्या.

"वजन झकास! काय गं ठमे, आईला खाऊन टाकतेस की काय?" मग पर्लच्या वाढीच्या जांभळ्या वहीत लिहिता लिहिता तिनं विचारलं, "बोलते काय काय? बाबा, दादा, गागा?"

टेगननं जीभ टाळूवरून सोडवली. "म्म्म म्हणते. खूप म्हणते."

"ते झालं. तोंड उघडून काय म्हणते?"

टेगन आठवू लागली. काही आठवेना.

"बरं, मोठ्यानं ओरडते? भांडं आपटलं की दचकते?"

"ती शांत आहे," टेगन म्हणाली. प्लेटमुळे तिचा 'श' भिजल्यासारखा आला. "पहिल्यापासूनच शांत."

रोवीनानं पर्लच्या तोंडासमोर तोंड नेलं. "बा! बा बा बा बा!" पर्लनं तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, मग वळून आईकडे पाहिलं, आणि स्वतःचे ओठ आत ओढून घट्ट मिटून घेतले.

रोवीनाचं पेन वहीवर थांबलं. "घाबरू नकोस हं," ती म्हणाली. "ह्या वयाला यायला हवेत असे काही आवाज येत नाहीयेत. आधी कान तपासून घेऊ. पुढच्या गुरुवारची वेळ मिळते का बघते."

तो आठवडा टेगननं कसा काढला ते तिचं तिला ठाऊक. पर्लच्या पाठीमागे उभी राहून तिनं चमचे वाजवले, दारं आपटली, किल्ल्या पाडल्या. पर्ल दर वेळी वळून बघायची. तरी टेगनची खात्री होईना. सावली दिसली असेल, जमीन हादरली असेल. बहिरेपणाची लक्षणं वाचता वाचता तिचा चहा गार व्हायचा. पण एक सांगायला हवं: ह्या आठवड्यातही तिचे मिटलेले तास एकवीसच्या खाली गेले नाहीत. भीती वाटली की ती जीभ आणखी जोरात वर दाबायची. हातात धरायला तेवढंच होतं.

गुरुवारी, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना स्पंज लावलेल्या छोट्या खोलीत एका तरुण मुलानं पर्लच्या कानांत इवलीशी बोंडं घातली, डावी-उजवीकडून आवाज काढले. पर्ल पाकोळीसारखी वळत राहिली. "दोन्ही कान उत्तम," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बरे आहेत. घरी दिवसभर तिच्याबरोबर कोण असतं?"

"मी."

"मग बोलत राहा तिच्याशी. मुलं तोंडाकडे बघून शिकतात."

"बोलते ना," टेगन म्हणाली.

गाडीत बसल्यावर तिला रडू आलं. मुलगी ऐकू शकते म्हणून आलं असं तिनं स्वतःला सांगितलं. मागच्या सीटवरून पर्ल म्हणाली, म्म्म. एरवी उत्तर द्यायला टेगनला क्षण लागत नसे. त्या दिवशी तिला ते देता आलं नाही.

दोन दिवसांनी हीथ आला. अंगावरची लाल धूळ विमानतळावरच झटकून आला असला तरी कानामागे राहिलेली होतीच. बॅग दारात टाकून तो सरळ जमिनीवर पालथा पडला, पर्लच्या नाकासमोर नाक.

"काय गं उंदरे! बाबा कोण? बाबा कोण? ब्बा! ब्बा!" आणि तोंडानं फुर्र करून त्यानं तिच्या पोटावर थुंकी उडवली.

पर्ल बघत राहिली. मग तिचं तोंड उघडलं. आधी त्यातून नुसती हवा आली, मग किंचाळी, आणि किंचाळीच्या शेपटाला लोंबकळत, "ब्बा."

"ऐकलंस? टेग! ऐकलंस का? बाबा म्हणाली!"

टेगन ओट्याशी उभी होती. शिजलेला भोपळा ठेचता ठेचता तिचा हात थांबला. पर्लनं आवाजाच्या भरात मान वळवली, आईला पाहिलं, आणि तिचे ओठ मिटले. दरवाजा लागावा तसे. बाबासाठी एक तोंड होतं, आईसाठी दुसरं. दहा महिन्यांचं पोर कधी कुठलं तोंड ठेवायचं ते नीट शिकलं होतं. शिकवणारी समोर उभी होती.

रात्रीच्या जेवणाला हीथनं मटणाचे काप भाजले. टेगननं तोंडातली प्लेट काढून कपात ठेवली आणि एक तुकडा तोंडात घेतला. आताशा तिच्या मागच्या दाढा एकमेकींना भेटायच्या नाहीत. मध्ये कागद सरकवावा एवढी फट राहायची. मांस चावलं जायचं नाही, नुसतं इकडून तिकडे फिरायचं. हीथ बघत होता.

"गिळवतंय का?"

"हो."

"खोटं बोलतेस. टेग, हे किती दिवस? मी फोन करतो तर तू हूं, हूं. माझ्याबरोबरचा तो शोन म्हणतो, तुझी बायको काय पाणबुडीत राहते काय."

"तुला कळायचं नाही."

"मग कळव की. इकडे बघ. ग्रीनोच्या रस्त्याला ती झाडं बघितलीस ना, आडवी झालेली? त्यांना शंभर वर्षं रोज वारा लागला तेव्हा ती वाकली. आणि तीही कोवळी होती तेव्हापासून. तू नऊ-दहा महिन्यांत काय वाकवणार?"

"फोटोत फरक दिसतो."

तो तिचा फोन घेऊन बसला. नऊ फोटो त्यानं एकामागून एक सरकवले. त्यानं थट्टा केली असती तर तिला भांडता आलं असतं. त्यानं ते पहिल्यापासून पुन्हा सरकवले.

"ह्यात तू मान वर केलीयेस," शेवटी तो म्हणाला, अगदी हळू. "जानेवारीपासून दर महिन्याला थोडी थोडी जास्त. एवढंच आहे, टेग."

तिनं फोन ओढून घेतला. मग एकटीनं न्हाणीघरात जाऊन पाहिले. पहिल्या फोटोत तिच्या डोक्यामागे खिडकीची कडी दिसत होती, शेवटच्यात ती कानाच्याही खाली गेली होती. हे तिनं स्वतः काढलेले फोटो होते. तिनं स्वतः बघितलेले, महिनोन्महिने. डोळे उघडे ठेवून आंधळं होता येतं, आणि ती एकटी नव्हती. तिला शाबासकी देणारे दोनशे होते.

हीथ होता त्या उरलेल्या आठवड्यात तिनं प्लेट लावली नाही. तो पुन्हा खाणीवर गेला त्या सकाळी तिनं गटात लिहिलं: 'आजचे मिटलेले तास: मोजले नाहीत.' खाली कोणीतरी विचारलं, बरी आहेस ना? तिनं फोन उशीखाली सारला आणि पर्लसमोर मांडी घालून बसली.

"हॅलो," ती म्हणाली.

पर्लनं पाहिलं.

पुढे काय बोलायचं ते टेगनला सुचेना. बाळाशी काय बोलतात? ग्लेनिस तर न थांबता बोलायची, पावावर काय लावलं, शेजारच्या कुत्र्यानं काय उकरलं, दुकानात लिंबं कशी सुकलेली. टेगनला ते बिनकामाचं वाटायचं. आता तिनं दिसेल ते बोलायला घेतलं. "हा चमचा. हा भोपळा. ही... ही आई." दाढा टेकत नसल्यामुळे शब्द तोंडात सैल बसायचे, स ला शिट्टी यायची. कित्येक महिने न वापरलेल्या खोलीत शिरावं तसं तिला स्वतःच्या तोंडात वाटत होतं. "बा. बा बा बा."

पर्लचा चेहरा आक्रसला. ही आई नव्हती. आईचा चेहरा हलत नसतो. ती रांगत आली, टेगनच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि आपला ओला, भोपळ्यानं माखलेला पंजा आईच्या ओठांवर दाबला. वरचा ओठ खाली, खालचा वर. मिटेपर्यंत दाबला. मग समाधानानं म्हणाली, म्म्म.

टेगननं तो हात काढला नाही. त्या हाताआड ती बसून राहिली. बाहेर वारा सुटायची वेळ झाली होती.

नंतरचे दिवस तसेच गेले. ती बोलायची, पर्ल तोंड फिरवायची किंवा हात पुढे करायची. टेगननं कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक मोठ्यानं वाचलं, पिठाच्या पाकिटामागची कृती वाचली, खिडकीतून दिसणाऱ्या धान्याच्या कोठारांची उंची आपल्या अंदाजानं सांगितली. ग्लेनिसला फोन करून विचारायचं तिच्या मनात दोनदा आलं. तिसऱ्यांदा केला.

"ग्लेनिस, पर्ल माझ्याशी बोलत नाही."

"अगं दहा महिन्यांचं पोर ते, बोलतंय कशाला!"

"हीथशी बोलते. माझ्याकडे बघितलं की तोंड मिटते." टेगननं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी शिकवलं तिला तसं. हनुवटीसाठी."

"कसली हनुवटी?" ग्लेनिस म्हणाली.

टेगननं सांगितलं नाही. सांगून ग्लेनिसला आठवलं नसतं, आणि आठवलं असतं तर ते जास्त वाईट झालं असतं. "काही नाही," ती म्हणाली. "रविवारी ये जेवायला. ये आणि नुसती बडबड कर."

"त्याला का आमंत्रण लागतं मला?" ग्लेनिस म्हणाली, पण तिचा सूर नेहमीसारखा चढला नाही.

शुक्रवारी दुपारी टेगन मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. वारा इतका की चादर तारेवर टाकायची आणि ती अंगावर गुंडाळली जायची. पर्ल आत, जाळीच्या दारापलीकडे, स्वयंपाकघरात जमिनीवर डबे घेऊन बसलेली. डब्यावर डबा आपटल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला, आणि टेगनचे कान टवकारले. आवाज थांबला की तिला आधी भीती वाटायची.

"ग्गा," आतून आलं.

टेगन चादरीआड जागच्या जागी थांबली.

"ग्गा. ब्बा. ब्ब्ब्बा." डबा एकदा आपटला. "दा."

तिथं कोणी नव्हतं. पर्ल स्वतःशी बोलत होती, किंवा डब्यांशी. टेगनला धावत आत जावंसं वाटलं, तिला उचलून घ्यावंसं, ते गाल, ते उघडं तोंड बघावंसं. एक पाऊल तिनं टाकलंही. मग ती थांबली. आत गेलं की पर्लला आई दिसणार.

ती भिंतीला टेकून उकिडवी बसली, दारातून दिसणार नाही अशी, पाठीला पत्रा तापलेला. चादर ओली तशी हातात. घसा तिनं आधी आतल्या आत साफ केला.

"ग्गा," ती म्हणाली.

आत एकदम चिडीचूप. वाऱ्यानं तारेचा खांब करकरला. आपण तेही बिघडवलं असं टेगनला वाटलं.

"ग्गा?" आतून आलं.

"ग्गा," टेगन म्हणाली. "बा."

"ब्बा!"

"बा बा."

"ब्बा ब्बा ब्बा!" आणि त्यापाठोपाठ खदाखदा हसू, मोठं, उघड्या तोंडाचं. टेगनला ते दिसत नव्हतं, पण बंद तोंडातून तसा आवाज निघत नाही हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार!

कधीतरी दार उघडावं लागणार होतं. आज उघडलं तर पर्ल ओठ मिटील, उद्याही मिटील, परवा कदाचित जरा उशिरानं मिटील. शेजारच्या कुंपणावरून म्हाताऱ्या नेव्हियोनं डोकं वर काढलं आणि भिंतीला चिकटून उकिडव्या बसलेल्या बाईकडे बघितलं.

"काय गं, किल्ली आत राहिली का?"

टेगननं त्याला हातानं गप्प राहायची खूण केली, आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "दा."